कावळ्याचा भूकंप

जपानमधल्या कोचीच्या किनाऱ्यावर भूकंपाची धास्ती नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मोठा येणार आणि मागोमाग त्सुनामी येणार, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून फोनमधली इशाऱ्याची घंटा वाजली, की उदोनचं, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांचं, दुकान चालवणारी विधवा मासुए आधी शेवयांच्या आधणाखालचा गॅस बंद करायची आणि मग खेकसायची, "टेबलाखाली व्हा सगळे!"

पण दीड महिना झाला, ती घंटा वाजवत होता समोरच्या खांबावरचा कावळा. मेल्यानं हुबेहूब उचलली होती! रोज दुपारी नुसती धावाधाव. गिऱ्हाइकं कुरकुरली की मासुए म्हणायची, "एखाद दिवशी खरा आला तर? मुकाट्यानं बसा खाली!"

रिटायर्ड पोस्टमन तोकुजी मात्र जाम खुशीत होता. चार वर्षं तो तिच्या हातचं उदोन खात होता, आणि चार वर्षांत "जरा कांद्याची पात घाला" यापलीकडे त्याची जीभ रेटली नव्हती. टेबलाखाली मात्र तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागायचा, ती खुदकन हसायची. बाबा पार पाघळलेला! रोज ठरवायचा, आज लग्नाचं विचारायचंच. तेवढ्यात कुणीतरी ओरडायचं, "कावळाच हो!" की सगळे बाहेर.

मग बातमी आली, गुरुवारी ससाणेवाला येऊन पाळीव ससाणा सोडून कावळ्याला हुसकावणार. म्हणजे तोकुजीच्या हाती उरला फक्त बुधवार.

बुधवारी तो अकरालाच येऊन बसला. एक वाडगा झाला, दुसरा झाला, तिसरा घशाखाली उतरेना. कावळा आपला खांबावर पिसं साफ करतोय. "अरे ओरड ना, गाढवा," तोकुजी पुटपुटला. दोन वाजले. मासुए दारावरचा पडदा उतरवायला निघाली, म्हणजे आता दुकान बंद.

तोकुजीला काय झालं कुणास ठाऊक! तो उठला, डोळे मिटले आणि भर दुकानात स्वतःच्या तोंडानं घंटा वाजवली. भसाडी, बेसूर, पण तीच.

दुकानात हशाचा नुसता धुमाकूळ. मासळीवाला केंजो ओरडला, "अहो तोकुजीसान, पंख कधी फुटले?" तोकुजीचे कान लालबुंद झाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला जन्मात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

हसली नाही ती एकटी मासुए. तिनं वळून गॅस बंद केला आणि वाकून टेबलाखाली जाऊन बसली.

"या आता," आतून आवाज आला. "आणि बोला एकदाचं. दीड महिना झाला, माझे गुडघे दुखायला लागलेत."