येणाऱ्या काळाची बत्तीशी

आमचा व्यवसाय कवळ्या बनविण्याचा. दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचे माप घेऊन आमच्याकडे धाडतात. त्या मापात प्लास्टर ओतून मी जबड्याची प्रतिकृती सिद्ध करतो, तिजवर मेणात दात रोवतो आणि अखेरीस मेणाच्या जागी प्लास्टिकच्या गुलाबी भुकटीच्या कठीण हिरड्या उभ्या करतो. प्लास्टर घट्ट होईपर्यंत कारागिराला हात बांधून बसावे लागते. याच रिकाम्या अवधीत मला वाचनाचे व्यसन जडले. शाळा माझी सातवीतच सुटली होती. पदरी जे काही ज्ञान आहे ते प्लास्टर वाळताना मिळविलेले आहे.

विषय एकच. मानवाने उभारलेले समाज का कोसळतात आणि कोसळू नयेत म्हणून शहाण्या माणसाने कसे जगावे. ग्रंथालयात या विषयाचे जे जे होते ते मी आणले. वाळूखाली गेलेली नगरे, क्षारांनी पांढरी पडलेली शेते, गाळाने बुजलेले कालवे, यांच्या संगतीत मी दिवस कंठीत असे.

माझे वडीलबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते माझे एकमेव श्रोते. जन्मभर मालवाहू ट्रक चालवून, लग्न न करता, ते उतारवयात आमच्याकडे राहावयास आले. कार्यशाळेच्या खिडकीपाशी स्टुलावर बसून ते ऐकत आणि ऐकता ऐकता खिशातून अक्रोड काढून दाढेखाली फोडीत. तो कडकन होणारा आवाज ऐकून माझ्या पत्नीच्या अंगावर काटा येई.

“भाऊजी, अहो अडकित्ता आहे घरात!”

“अडकित्ता हरवतो. दात कुठं जातायत?”

आम्ही वाचलेले आचरणातही आणीत होतो. धुण्याचे पाणी झाडांना घालावयाचे, फाटलेले शिवावयाचे, मोडलेले जोडावयाचे. पत्नीची याला हरकत नव्हती. तिची तक्रार केवळ व्याख्यानांविषयी होती. “जग बुडायचं तेव्हा बुडेल,” ती म्हणे, “आधी मोरी तुंबलीय ती बघा.”

एके दुपारी मी प्लास्टिकविषयीचे प्रकरण वाचीत होतो. मनुष्यजात नष्ट झाली तरी तिने केलेले प्लास्टिक मागे उरेल, असे त्यात प्रतिपादन होते. दादांनी अक्रोड हातातच धरला.

“म्हणजे तुझ्या कवळ्यापण?”

“कवळ्यासुद्धा,” मी किंचित अभिमानाने म्हणालो. “आपली माती होईल, पण कवळी जशीच्या तशी राहील.”

त्या सुमारास दादांची एक दाढ ठणकत होती. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्रंथातले वर्णन वाचून झाले होते, की व्यापार थांबला म्हणजे प्रथम औषधे संपतात, आणि किडक्या दातासारख्या क्षुल्लक दुखण्याने धडधाकट माणसे तळमळून मरतात. दादांनी ते प्रकरण माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले.

पुढे ते जुन्या मालकाकडे जाऊन येतो म्हणून गेले आणि बरेच दिवस परतले नाहीत. परतले तेव्हा दार मीच उघडले. समोरच्या माणसाचे गाल आत गेले होते आणि हनुवटी वर आली होती. आवाजावरून मी त्यांना ओळखले.

“सगळे काढून टाकले,” दादा समाधानाने म्हणाले.

“सगळे? पण दुखत तर एकच होता!”

“आज एक, उद्या दुसरा. उद्या डॉक्टर असेल याची खात्री आहे? तूच वाचलंस ना? डॉक्टर काढायला तयार नव्हता. म्हटलं, धाकटा भाऊ कवळ्या बनवतो, त्यानंच पाठवलंय. मग तयार झाला. तीन जोड कर मला. एक तोंडात, दोन डब्यात. मग जगाचं काय व्हायचं ते होऊ दे.”

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे टिपीत उभी होती. दादा तिला म्हणाले, “आता तुझ्या अंगावर काटा नाही यायचा.”

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. दात उपटला की त्याखालचे हाड निरुपयोगी होते आणि हळूहळू विरत जाते. हिरडी खाली बसते. म्हणून आज तंतोतंत बसणारी कवळी काही काळाने सैल होते, आणि नवे माप घेऊन ती नव्याने करावी लागते. कवळी टिकते, तोंड टिकत नाही. डब्यात ठेवलेल्या जोडांचा काडीचाही उपयोग होणार नव्हता, आणि दादांनी आपली धडधाकट बत्तीशी त्या डब्याच्या भरवशावर देऊन टाकली होती.

हे मी पत्नीला सांगितले. ती भांडे घाशीत होती.

“त्यांना सांगणार आहात?”

“सांगावेच लागेल. सत्याकडे डोळेझाक केल्यानेच तर समाज रसातळाला जातात.”

“समाजाचं राहू द्या. सांगितल्यानं दात उगवणार आहेत का?”

हिरड्या भरून आल्यावर मी स्वतःच माप घेऊन तीन जोड केले. इतके मन लावून मी कधीच काम केले नव्हते. दादांचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता, तोही मी तसाच वाकडा लावला. पहिला जोड बसविला त्या दिवशी सांगावयाचे, असा माझा निश्चय होता. दादांनी आरशात पाहिले, त्या वाकड्या दातावरून जीभ फिरविली आणि ते हसले.

“लेका, हा पण?”

मी हत्यारे आवरावयास घेतली. दादांनी उरलेले दोन जोड स्वच्छ फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि तो डबा स्वतःच्या उशाशी नेला.

काही महिन्यांनी ते जेवताना हात तोंडाशी नेऊ लागले. मग बोलताना कवळीचा टकटक आवाज येऊ लागला. मी पाहिले न पाहिलेसे केले. अखेर एका सकाळी ते डबा घेऊन कार्यशाळेत आले आणि तिन्ही जोड त्यांनी माझ्या बाकावर मांडले.

“ही सैल झाली म्हणून दुसरी घातली. ती पण सैल. तिसरी पण. तिन्ही सैल कशा? नीट सांग, धाकट्या.”

पत्नी हातातले काम टाकून दारात आली होती. दादांच्या डोळ्यांत मला प्रथमच भीती दिसली. आपण काय करून बसलो, हे त्यांना कळण्याच्या बेतात होते. आयुष्यात माझी एकही कवळी मापात चुकलेली नाही. दंतवैद्य माझ्या कामाला डोळे मिटून मान्यता देतात. माझ्यापाशी प्रतिष्ठा म्हणावी अशी ती एवढीच.

“माप चुकलं, दादा,” मी म्हणालो. “तिन्ही एकाच मापावर केल्या ना. त्यामुळे तिन्ही बिघडल्या.”

त्यांचा श्वास मोकळा झाला.

“अरे मग आधी बोलायचं! मी आपला उगाच...” त्यांनी तिन्ही जोड माझ्याकडे सरकविले. “इतकी वर्षं हेच करतोस आणि घरच्याच माणसाचं माप चुकवलंस? बाहेर कुणाला सांगू नको, हसतील.”

“नाही सांगत.”

पत्नी आत गेली. थोड्या वेळाने खलबत्त्यात अक्रोड कुटल्याचा आवाज येऊ लागला. हल्ली ती दादांना अक्रोडांची पूड करून देते.

मी नवे माप घेतले. पहिल्यापेक्षा जबडा बराच उतरला होता. आणखीही उतरेल. जोवर माझे हात चालतील आणि भुकटीचे डबे दुरून येत राहतील, तोवर मी माप घेईन. मापात प्लास्टर ओतून ते बाजूला ठेवले. दादा खिडकीपाशी स्टुलावर बसले.

“वाळेपर्यंत वाच पुढचं.”

मी खुणेचे पान उघडले. नदी आटत चाललेल्या एका नगराची ती हकीकत होती. कालव्यांची देखभाल करणाऱ्यांना पाणी संपणार हे पुष्कळ आधी उमगले होते, तरीही ते दरवर्षी पाट साफ करीत राहिले आणि लोकांना काही बोलले नाहीत, असे त्यात लिहिले होते. मी एकही ओळ गाळली नाही.

“माहीत होतं,” दादा म्हणाले, “तर बोलले का नाहीत रे?”

मी प्लास्टरवर नख दाबून पाहिले. ते अद्याप ओले होते.