ताटातला तो एक चमचा

खाऊ घालणारं माणूस सगळ्यांनाच हवंहवंसं वाटतं. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक तरी व्यक्ती असते. आपण नको नको म्हणतो, ती वाढत राहते आणि आपणही 'मायेपोटी करते' म्हणून चालवून घेतो. मेट्रनबाई अशाच होत्या.

मुलींच्या वसतिगृहात त्यांनी उभी हयात काढली. 'मला हे चालत नाही' हे वाक्य त्यांच्या भोजनगृहात चालत नसे. एखादी मुलगी वांगं खायची नाही, तर बाई ते भाजून, घोटून तिच्या सूपमध्ये मिसळायच्या. पोरीने वाटी चाटूनपुसून संपवली की तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय गं, मेलीस का?" सगळं भोजनगृह हसून लोटपोट व्हायचं. ती मुलगीही ओशाळून हसायची. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुलींनी भाषणांत हेच किस्से सांगितले आणि बाईंनी डोळे टिपत ते ऐकले.

आता घरात त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बोटी बांधण्याच्या कारखान्यात आराखडे काढायचा. एका संध्याकाळी बूट काढता काढता तो म्हणाला, "आई, रविवारी दुपारी तुझी एकीशी भेट घालून द्यायचीय. समुद्रासमोरच्या त्या इटालियन हॉटेलात जाऊ जेवायला."

"हॉटेलात कशाला? घरी आण की तिला. मी करते सगळं."

"घरी नको."

"का? माझ्या हातचं तिच्या घशाखाली उतरणार नाही?"

मुलगा हसला. "तू आग्रह फार करतेस, आई."

तो हसत हसत म्हणाला खरा, पण बाईंच्या ते जिव्हारी लागलं. रविवारपर्यंत त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर टाकून त्या दुसरंच काहीतरी धरायच्या. रविवारी सकाळी तर कपाटातले सगळे कपडे पलंगावर आले आणि शेवटी त्यांनी सगळ्यात आधी काढलेलेच अंगावर चढवले.

हॉटेल समुद्राला अगदी खेटून होतं. वाऱ्याने टेबलावरची कापडं उडू नयेत म्हणून त्यांना चिमटे लावलेले. बाईंना खुर्ची टोचत होती, पाण्यावरून येणारी तिरीप डोळ्यांत जात होती, आणि खाद्यपदार्थांची नावं वाचताना जीभ अडखळत होती.

ती मुलगी आली तेव्हा तिचे केस ओलेच होते. गावातल्या तरणतलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. मुलाने तिचं नाव मासोळी ठेवलं होतं. रुंद खांदे, मोकळं हसू. बाईंना ती पाहताक्षणी आवडली, हे त्यांनी स्वतःशी कबूलही केलं. "काकू, तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय!" असं म्हणून ती त्यांच्या शेजारीच बसली.

मग वेटर आला आणि मासोळीचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"मला काजू, बदाम, अक्रोड, यांतलं काहीही चालत नाही. चुकूनही नाही. पालकाच्या रिसोटोत असतं का काही?"

वेटर आत गेला आणि खुद्द आचाऱ्यालाच घेऊन आला. पोट सुटलेला, पांढऱ्या एप्रनचा, प्रसन्न चेहऱ्याचा माणूस. हॉटेल त्याचंच होतं.

"ताई, रिसोटोत काही नाही. मऊ भात, पालक आणि चीज, बस. पण आमच्या हिरव्या सॉसमध्ये काजू वाटलेले असतात. तुमच्यासाठी भांडं, डाव, सगळं वेगळं काढतो. मी स्वतः करतो. निर्धास्त राहा."

बाई हे सगळं बघत होत्या. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. एवढी धडधाकट पोरगी आणि काजूला घाबरते! न राहवून त्या म्हणाल्या, "अगं, थोडं थोडं खाऊन सवय का करत नाहीस?"

"सवयीचं नाही हो ते, काकू. माझ्या अंगालाच सोसत नाही. श्वास बंद होतो."

"आमच्या वसतिगृहात अशा कितीतरी—"

"आई, नको," मुलगा हळूच म्हणाला.

बाई गप्प बसल्या, पण आतून धुमसत राहिल्या. उद्या लग्न झालं की मुलाच्या स्वयंपाकघराचा दवाखाना होणार. हे नको, ते नको. नातवंडंही अशीच नाकं मुरडणार.

ताटं आली. बाईंसमोर हिरव्या सॉसमधला पास्ता, मासोळीसमोर पालकाचा हिरवागार रिसोटो. तेवढ्यात मुलगा ताडकन उठला. "अगं, ती बघ! आमची नवी बोट चाललीय!" त्याने आराखडा काढलेली बोट पहिल्यांदाच खाडीतून बाहेर पडत होती. तो मासोळीचा हात धरून तिला बाहेर कठड्याशी घेऊन गेला.

टेबलाशी बाई एकट्याच उरल्या. त्यांनी आपलं ताट पाहिलं, मग तिचं. दोन्ही हिरवी. कठड्याशी ती दोघं पाठमोरी उभी होती. बाईंनी चमच्याच्या टोकावर थोडा सॉस घेतला आणि मासोळीच्या भातात कालवून टाकला.

त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे सांगायला हवं. पोरीचं भलं करतोय, असंच त्यांना वाटत होतं. एकदा खाऊन काही झालं नाही की तिची भीती मोडेल, आणि पुढे वर्षानुवर्षं हा किस्सा सांगून आपण सगळे हसू. अशा हसण्याची त्यांना फार सवय होती.

दोघं परत आली. मासोळीने दोन घास खाल्ले. "छान झालंय हं!"

बाईंच्या छातीत आनंदाने धडधडलं. 'काय गं, मेलीस का?' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. आणखी एक घास खाऊ दे, मग म्हणू, असा त्यांनी विचार केला.

तो घास तिने घेतलाच नाही. चमचा खाली ठेवून तिने गळ्याला हात लावला. ओठ सुजायला लागले, मानेवर लाल चट्टे उमटले.

"बॅग..." तिचा आवाज घोगरा झाला होता. "बॅग दे."

मुलाने क्षणभरही वेळ दवडला नाही. तिच्या बॅगेत अशा वेळेसाठीच असलेलं इंजेक्शन काढून त्याने कपड्यांवरूनच तिच्या मांडीत टोचलं आणि तिला खाली आडवं केलं. ती शिट्टीसारखा आवाज करत श्वास ओढत होती. खुर्च्या सरकल्या, लोक उभे राहिले, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचर बाहेर नेताना एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "चल उठ. इथलं खाल्ल्यानेच झालंय हे."

बाईंच्या ओठांपर्यंत आलेले ते शब्द आता घशात काट्यासारखे रुतले होते.

रुग्णालयात डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून वाचली. धोका टळलाय, पण आज इथेच ठेवू. पोटात काजू-बदाम कसे गेले, ते मात्र शोधा."

"शोधायचं काय त्यात? हॉटेलवाल्याचा हलगर्जीपणा!" मुलगा म्हणाला. "मी सोडणार नाही त्याला."

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. नळाशी जाऊन हात धुतले. कोरडे झालेले हात परत धुतले. सांगावं? आता सांगून काय उपयोग? पोरगी तर वाचली. पण मुलगा तोंड बघेल का पुन्हा?

एवढ्यात आचारी धापा टाकत आला. एप्रन तसाच, पायांत स्वयंपाकघरातल्या चपला.

"कशी आहे ती? शुद्धीवर आहे ना?"

मुलगा त्याच्या अंगावरच धावून गेला. "सांगितलं होतं ना तुम्हाला? निर्धास्त राहा म्हणालात ना?"

आचाऱ्याने हात जोडले. "सांगितलं होतं. भांडं मी स्वतः घासलं, डाव नवा काढला. पण हात चुकला असेल कुठेतरी. तुम्ही तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही. स्वयंपाकघराला कुलूप लावून आलोय." त्याचा आवाज फुटला. "आता कुणाच्या ताटात काही वाढायची हिंमतच नाही माझ्यात."

एवढा दांडगा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. आता मात्र बाईंना राहवलं नाही.

"थांबा! यांचा काही दोष नाही. मी घातला."

"काय घातला?" मुलाला अर्थबोधच होईना.

"तो हिरवा सॉस. तिच्या ताटात. तुम्ही बोट बघायला गेलात तेव्हा. मला वाटलं, नखरे आहेत सगळे..."

मुलगा ओरडेल, असं बाईंना वाटलं होतं. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "तुझ्यासमोर बोलली होती गं ती, आई. तुझ्या डोळ्यांत बघून." मग तो पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आचारी बाकावर मटकन बसला. आधी त्याचा जीव भांड्यात पडला, पण मग चेहरा लालबुंद झाला. "बाई, इतका वेळ मी स्वतःला खुनी समजत होतो! आणि तुम्ही इथेच बसून ऐकत होतात?"

संध्याकाळी मासोळीने त्यांना आत बोलावलं. तिला सगळं कळलं होतं. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"काकू, बसा."

"पोरी, मला खरंच वाटलं, मनाचे खेळ असतात हे."

"सगळ्यांना तसंच वाटतं. लहानपणी आत्याने केकमध्ये बदाम घातले होते, गंमत म्हणून. मग शेजारच्या आजींनी बिस्किटात. एकदा तर मैत्रिणीनेच." ती थांबली, श्वास घेतला. "माझं वाईट व्हावं असं वाटणाऱ्या कुणीही आजवर मला काही केलेलं नाही. प्रत्येक वेळी जीव लावणाऱ्या माणसानेच केलंय. म्हणून मला मायेचीच भीती वाटते हो."

बाईंचे डोळे भरून आले.

"मी नको म्हणाले, ते तुम्ही ऐकलंत," मासोळी पुढे म्हणाली. "पण खरं मानलं नाहीत. नाही म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा लाडावलाय, असं आपण आधीच ठरवून टाकतो. माझ्या शरीरात काय होतं ते मला ठाऊक असणार की तुम्हाला? आज मी इंजेक्शन विसरले असते तर?"

बाईंना अचानक वसतिगृहातली एक मुलगी आठवली. अंडं नको म्हणून विनवण्या करणारी. बाईंनी तिलाही असंच तिच्या नकळत खाऊ घातलं होतं. बाकीच्या हसल्या, ती मात्र उठून मागच्या अंगणात जाऊन ओकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगभर लाल गांधी उठल्या होत्या. 'उन्हाने झालं असेल,' बाई म्हणाल्या होत्या. वर्ष संपायच्या आतच ती मुलगी वसतिगृह सोडून गेली. का गेली, हे बाईंनी कधी विचारलंही नव्हतं.

"मला माफ कर," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आज नाही जमायचं, काकू. घसा अजून दुखतोय."

बाईंनी मान हलवली. मागितली की लगेच मिळावी, अशी ही माफी नव्हती. माफीचासुद्धा आग्रह करता येत नाही, हे त्यांना त्या खोलीत उमगलं.

पुढच्या रविवारी दुपारी त्या एकट्याच त्या हॉटेलात गेल्या. बातमी गावभर झाली होती. निम्मी टेबलं रिकामी होती. आचारी गल्ल्यापाशी उतरलेल्या चेहऱ्याने उभा होता.

"मला यांच्याशी दोन शब्द बोलू द्याल?" बाईंनी विचारलं.

त्याने मान डोलावली.

बाई मधोमध उभ्या राहिल्या. शेकडो मुलींना एका हाकेत गप्प करणारा त्यांचा आवाज आज कापत होता. "गेल्या रविवारी इथून ज्या मुलीला उचलून नेलं, तिला इथल्या अन्नाने काही झालं नाही. यांनी सगळं नीट केलं होतं. तिच्या ताटात तिला न विचारता मी सॉस घातला. ती नको म्हणत होती, तरी घातला. जीव जायचा तिचा. चूक माझी आहे. यांच्यावर राग धरू नका."

कोपऱ्यातल्या टेबलावर एक आजोबा नातीच्या घट्ट मिटलेल्या तोंडाशी चमचा धरून बसले होते. त्यांनी तो चमचा हळूच ताटात ठेवला आणि विचारलं, "नको का गं तुला खरंच?" नातीने जोरात मान हलवली. "बरं, राहू दे मग," आजोबा म्हणाले.

आचाऱ्याने बाईंना पाण्याचा पेला दिला. बसायला खुर्चीही ओढून दिली.

मुलाचा अबोला त्यानंतरही कितीतरी दिवस टिकला. मासोळी घरी आली ती बऱ्याच दिवसांनी, तलावावरून परस्पर. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "काकू, भूक लागलीय."

बाईंचा हात सवयीने डब्यांकडे गेला आणि थांबला. "काय खाशील ते तू सांग. भांडी तू घास, डबे तू उघडून बघ. मी इथे बाजूला उभी राहते."

मासोळीने स्वतः कढई घासली, अंडी फोडली, टोमॅटो चिरला. जेवताना बाईंनी वाढायला डाव उचलला. "पुरे, काकू," ती म्हणाली. बाईंनी डाव खाली ठेवला. त्यांना ते जड गेलं, हे मासोळीने ओळखलं आणि ती हसली.

वाचकहो, खाऊ घालण्याचा आनंद मोठा आहे, तो कुणी सोडावा असं इथे मुळीच सांगायचं नाही. पण ताट ज्याचं, त्यात काय पडावं हे त्यालाच ठरवू द्या! समोरचा नको म्हणाला, तर कारण पटो न पटो, हात आवरा. ज्या प्रेमाला 'नको' ऐकू येत नाही, त्या प्रेमापुढे माणसाला जीव मुठीत धरून बसावं लागतं. आणि आपल्या माणसावर आपल्याच घरात ती वेळ येऊ नये, एवढं तर आपण नक्कीच करू शकतो.