कोऱ्या कागदाची पाच मिनिटं

संस्थेत त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. गच्चीवरचा पंप सकाळी आठच्या ठोक्याला सुरू झाला नाही, असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. पंप हवा ओढी, ती औषध लावलेल्या गोल कागदातून जाई आणि हवेतला ओझोन आपल्यातल्या जड ऑक्सिजन अणूंची खूण त्या कागदावर सोडून जाई. त्या खुणेवरून हा ओझोन कसा तयार झाला, ते ताडणं संस्थेतल्या एका तरुण संशोधक पोरीचं काम.

दर आठवड्याला एक कागद मात्र कोरा ठेवायचा. गच्चीवर न्यायचा, यंत्रात बसवायचा आणि पंप न लावताच परत आणायचा, औषधात आधीपासूनच काही खूण नाही ना, या पडताळ्यासाठी.

आज ती प्रयोगशाळेत डोकं धरून बसली होती. "काका, कोऱ्या कागदांवरही ओझोनची खूण आलीय. सर म्हणतात, औषधातच खोट असणार. वर्षभराचे नमुने टाकून द्या."

काकांना खरं कारण ठाऊक होतं. खोट औषधात नव्हती. कोऱ्या कागदाला तेच पाच मिनिटं हवा देत होते, दर आठवड्याला, न चुकता. बाकीचे कागद चोवीस तास हवा खाणार आणि हा एकटाच उपाशी खाली येणार, हे त्यांना बघवत नसे. शिवाय पंप न लावणं म्हणजे कामचुकारपणा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

निवृत्तीला बावीस दिवस उरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार होतं? पण पोरीचे सुजलेले डोळे दिसले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"औषधाला नावं ठेवू नकोस, बाई. मीच शेण खाल्लं," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

तिने नोंदवही पुढे ओढली. "पाचच मिनिटं? नक्की?"

"मग मला घड्याळकाका उगाच म्हणतात का?"

ती आधी हसली, मग चिडली. "अहो, एका शब्दानं विचारायचं तरी!" त्याच बाटलीतल्या औषधाचे काही कागद शिल्लक होते. ते खरोखर कोरे निघाले, तर वर्ष वाचणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पहिला कागद काकांच्याच हाती दिला. त्यांनी तो गच्चीवर नेऊन यंत्रात बसवला. आठ वाजले. बोट सवयीने बटणाकडे गेलं. काकांनी दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले आणि तसेच उभे राहिले. तीस वर्षांत इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

चार दिवसांनी निकाल आला. कागदावर काहीही नव्हतं. काही न केल्याबद्दल काकांना आयुष्यात पहिल्यांदाच शाबासकी मिळाली.