शेवटच्या नंबराचा हट्ट

"ऐका, पण पटणार नाही तुम्हाला," लॉरीन कुबिचेकने टेबलावर हात आपटला. "शपथ घेऊन सांगितलं तरी पटणार नाही. आणि माझ्या शपथेची किंमत तुम्हाला माहीतच आहे."

कॅफेतल्या गोल टेबलाभोवतीच्या चार म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी कॉफीचे कप उचलून खुर्च्या पुढे ओढल्या. ऑगस्टची सकाळ होती. मका डोक्याच्या वर गेला होता, कापणीला अवकाश होता, आणि अशा दिवसांत गावात लॉरीनच्या थापांइतकं ताजं दुसरं काही मिळत नसे.

पाचवी ऐकणारी काउंटरमागे उभी होती. तिने पाठ फिरवली होती आणि दालचिनीचे रोल ती काचेच्या कपाटात असे लावत होती, जणू प्रत्येक रोलशी तिचं भांडण होतं. ती ब्रेन्ना पोस्पिशिल. थाप तिच्यासाठीच होती. म्हातारे नुसते सोबतीला.

लॉरीनवर ही पाळी आली ती तिच्या स्वतःच्या रडण्यामुळे.

दरवर्षी मोसम सुरू होण्याआधी लीगमधल्या आठही कॉलेजांचे व्हॉलीबॉल कोच शहरातल्या एका हॉटेलात जमतात. आधी कोरडं चिकन खातात, मग एकेकाने माइकवर येऊन आपल्या पोरींबद्दल बोलायचं, आणि शेवटी कोण कितवं येईल याचा अंदाज म्हणून मतं द्यायची. स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. हा झाला लिहिलेला नियम. न लिहिलेला नियम त्याहून कडक: आपल्या संघाची स्तुती करायची नाही. स्तुती केली की बाकीचे तुम्हाला पहिल्या नंबरावर बसवणार, आणि पहिल्या नंबरावर बसलेल्याच्या मानेवर सगळ्यांच्या सुऱ्या. उलट शेवटचा नंबर मिळाला की तो कागद लॉकर-रूमच्या दारावर चिकटवायचा. पोरी तो वाचतात, दात-ओठ खातात आणि नोव्हेंबरपर्यंत कुणाचं ऐकून घेत नाहीत.

लॉरीनने तीस वर्षं संघ शिकवला. लीग जिंकली दोनदाच, पण रडण्यात तिला कुणी हरवलं नव्हतं. एका वर्षी तिने अख्ख्या संघाला गालगुंड झाल्याचं इतक्या कळवळ्याने सांगितलं की एका कोचच्या बायकोने सूपचं पातेलं पाठवून दिलं. संघ ठणठणीत होता. सूप लॉरीनने एकटीने संपवलं आणि पातेलंही ठेवून घेतलं.

यंदा अडचण वेगळीच होती. संघ खरोखरच चांगला होता. जुलैभर उन्हात मक्याचे तुरे खुडून पोरींचे दंड दोरखंडासारखे झाले होते. आणि ब्रेन्ना! बॉल उचलून देणारी सेटर अशी, की तिने दिलेला बॉल मारणारीच्या हातापुढे क्षणभर थांबून विचारायचा, 'येऊ का?' अशी पोर यंदाही फॉर्मात आहे हे लीगला कळू देणं म्हणजे सोन्याची अंडी अंगणात ठेवून गावाला जाणं.

माइकवर आधी गेला ड्वाइट ओल्टमन्स, तीन वेळचा विजेता, नवं कापणीयंत्र घेतलेल्या माणसासारखा हसरा. "माझ्या पोरींची सर्व्हिस नेटपलीकडे जाते खरी," तो म्हणाला, "पण उतरते पार्किंगमध्ये."

सभागृह हसलं. लॉरीनच्या कानशिलाची शीर उडाली. रडण्यात ड्वाइट पुढे जातो म्हणजे काय!

"ड्वाइटचं नशीब थोर," ती माइक पकडून म्हणाली. "त्याचा बॉल कुठेतरी पोचतो तरी. आमच्या ब्रेन्नाने बॉल उचलला की आम्ही शेजारच्या गावाला फोन करतो, की बाबांनो, येतोय, सांभाळा. मार्चमध्ये मनगट मोडलं आणि तेव्हापासून त्या हातांची आणि बॉलची ओळखच राहिलेली नाही. तिच्यापेक्षा जिममधली बास्केटबॉलची जाळी बरा बॉल देते. निदान ती हलत तरी नाही."

ड्वाइटने डोळे पुसले. सगळ्यांनी एकमताने लॉरीनच्या संघाला शेवटच्या नंबरावर बसवलं. ती पिकअपमध्ये गात गात घरी आली आणि वाटेत स्वतःसाठी बक्षीस म्हणून अख्खा चेरी पाय घेतला.

यंदापासून लीगने ही भाषणं फोनवर थेट दाखवायला सुरुवात केली होती, हे तिच्या गावीही नव्हतं. तिचा फोन मधोमध दुमडायचा, आणि त्यात फोन करण्यापलीकडे काही होत नाही याचा तिला अभिमान होता. तिकडे जिममध्ये सगळा संघ पिझ्झा खात भाषण बघत बसला होता. बाकीच्या पोरी हसून लोळल्या. त्यांना कोच माहीत होती. ब्रेन्ना हसली नाही. मनगट खरंच मोडलं होतं आणि खरंच मार्चमध्ये मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर काढलं होतं, पण पोरीच्या मनात ते अजून तसंच होतं. दुसऱ्या दिवशी लॉरीनच्या टेबलावर घडी केलेली जर्सी आणि गुडघ्यांच्या पट्ट्या होत्या, आणि ब्रेन्ना मावशीच्या कॅफेत एप्रन बांधून उभी होती.

लॉरीनने लगेच फोन केला होता.

"अगं पोरी, ते सगळं खोटं होतं!"

"बरं, कोच. आणि हे 'खोटं होतं' म्हणताय, ते?"

"हे खरं. तुझ्यासारखी सेटर मी तीस वर्षांत पाहिली नाही, अगदी मनापासून सांगते."

"अगदी मनापासून तुम्ही माझ्या आईच्या बटाट्याच्या सॅलडलाही असंच म्हणाला होतात. मग ते रुमालात गुंडाळलंत. मी बघितलं."

जन्मभर खोट्याचं दुकान चालवलं, आज एकदाच खरं विकायला काढलं, तर गिऱ्हाईक नाणं वाजवून बघतंय. आज दुपारी चार वाजता पहिला सराव होता. ब्रेन्ना आली नाही, तर लबाडी करून मागून घेतलेला शेवटचा नंबर खरोखरच पदरात पडणार होता. आणि नंबर गेला उडत. ही पोर स्वतःला निकामी समजून आयुष्यभर कॉफी ओतत राहील, आणि रोज सकाळी लॉरीनला तिच्याच हातची प्यावी लागेल.

खरं खपत नाही म्हटल्यावर लॉरीनने जुनाच माल बाहेर काढला.

"तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट," ती म्हाताऱ्यांना म्हणाली. "ड्वाइटच्या जिममध्ये सेमीफायनल. पाचवा सेट, गुण बरोबरीत. बाहेर असा बर्फ, की गाई दारावर येऊन स्वेटर मागत होत्या."

"कुणाच्या गाई?" एमिल वोंद्राने विचारलं.

"तुझ्याच, एमिल. तू दिला नाहीस म्हणून तर आल्या."

"अगं, पण मी त्याआधीच गाई विकल्या होत्या!"

"म्हणून तर चालत आल्या, बिचाऱ्या. ऐक आता. समोरून असला स्मॅश आला, की आमची पोर आडवी पडली आणि बॉल आमच्याच बेंचकडे उडाला. ब्रेन्ना त्याच्यामागे धावली. नेट बाजूला, डोक्यावर बॉल. पुढच्या बाजूला नेटपलीकडे ड्वाइटच्या तीन उंच पोरी, धान्याच्या कोठारांसारख्या. आता करायचं काय?"

"काय?" म्हाताऱ्यांनी आ वासला.

"अहो, कोच कशाला असते? मी दोन बोटं वर केली. म्हणजे, डोक्यावरून मागे दे! पोर आज्ञाधारक. तिने बघितलं आणि दिला मागे. तिथे आमची ग्रेटा मोकळी उभी. धाडकन मारला, सामना आमचा!"

काउंटरमागे एक रोल हवेतच थांबला. लॉरीनला ते समोरच्या नॅपकिनच्या चकचकीत डब्यात दिसलं. तिने आवाज आणखी चढवला.

"म्हणजे डोकं माझं. हात काय, कुणाचेही चालले असते. तुझे चालले असते, एमिल."

"माझ्या खांद्यात संधिवात आहे."

"तरी चालले असते! आणि खरं सांगू का, तिच्या मनगटात तेव्हाही फारसा दम नव्हता. पोर भेदरून गेली होती. मी बोटं वर केली नसती, तर बॉल हातात धरून रडत बसली असती बिचारी."

कपाटाचं काचेचं दार खाडकन लागलं. ब्रेन्ना काउंटरला वळसा घालून आली. त्याच मोडक्या हातात कॉफीचं काठोकाठ भरलेलं भांडं होतं आणि ते तिने खांद्याच्या वर धरलं होतं. एमिलने टक्कल सांभाळत मान खाली घातली. भांड्यातली कॉफी हललीसुद्धा नाही.

"हं, तर मी बोटं वर केली," लॉरीन भांड्याकडे बघत म्हणाली, "आणि—"

"खोटं!" ब्रेन्ना ओरडली. "धादांत खोटं बोलताय, कोच! कसली बोटं? तुम्ही तोंडावर टॉवेल घेऊन बसला होतात, मी वळून बघितलं ना! आणि त्याआधी टाइम-आउटमध्ये काय घसा फोडून सांगत होतात? पुढे दे, पुढेच दे! पुढे दिला असता तर त्या तिघींनी आपल्याला तिथेच गाडलं असतं. तो बॉल मागे मी दिला. न बघता, तुमचं न ऐकता, मी दिला! चारला येते जिममध्ये, आणि पुन्हा देऊन दाखवते. फक्त तो टॉवेल तेवढा घरी ठेवून या!"