टेकडीवरचा माणूस कोणाचा

चार रविवार मी आणि रुझित्साने टेकडीवरच्या त्या थडग्याचं शेवाळ दातांच्या ब्रशने काढलं. सहाशे वर्षांचा दगड, त्यावर भलामोठा पंजा उंचावून उभा असलेला माणूस! मोजमापं, चित्रं, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, सगळं एका लांबलचक तक्त्यावर मांडलं. आणि आता तो जिल्ह्याच्या इतिहास स्पर्धेला जाणार नाही म्हणे! का? तर तक्ता एक आणि शाळा दोन.

आमच्या इमारतीत दोन शाळा आहेत, युद्धानंतर दोन जमातींसाठी वेगळ्या केलेल्या. रुझित्साची क्रोएट, पुढच्या दाराने. माझी बोस्नियाक, मागच्या दाराने. अंगणात मधोमध जाळी. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात हे दगड त्यांच्या पूर्वजांचे, माझ्या पुस्तकात आमच्या. आम्ही आपलं खरं तेच लिहिलं: 'दगडावर नाव नाही. कोणाचा ते माहीत नाही.'

तिथेच माशी शिंकली.

"आल्मेदिना, काम सुंदर आहे हं," आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. "फक्त एवढं वाक्य बदल. आणि ते दुसरं नाव काढ."

"बाई, अर्धं शेवाळ तिने काढलंय!"

"मग तिच्या शाळेने तिला पाठवावं."

तिकडे तिच्या सरांनीही अगदी हेच सांगितलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकमत बघा!

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. "मधोमध कापा. अर्धा तुझा, अर्धा तिचा. शुक्रवारपर्यंत द्या."

गुरुवारी शाळेबाहेरच्या कट्ट्यावर रुझित्सा कात्री घेऊन आली. "काप बाई एकदाचं. काहीतरी तरी जाईल."

मी घडी घातली. ती नेमकी माणसाच्या नाकावरून गेली.

"पंजा कोणाला?" तिने विचारलं.

"तुला."

"नको, तू ठेव."

"अगं, घे ना!"

इतक्या हसलो, इतक्या हसलो, की मग रडूच आलं. कात्री मी दप्तरात कोंबली. शुक्रवार गेला.

दोन्ही शाळांत सामाईक अशी एकच जागा आहे, तळघरातली बॉयलरची खोली. तिथल्या झिकोमामाने तक्ता भिंतीवर लावला. "इथे कुणी तपासायला येत नाही," म्हणाला.

वाचायलाही येत नाही! आतापर्यंत प्रेक्षक दोन. एक मामा. दुसरा, काल आलेला कोळसेवाला. मी मामाला फावड्याने कोळसा ओढून देत होते. कोळसेवाल्याने पोतं टेकवलं आणि सगळं वाचलं, अगदी खालच्या टिपांसकट. मी तर हरखूनच गेले.

"झकास केलंय गं," तो म्हणाला. "पण हा माणूस आपला की त्यांचा?"

मामाने माझ्या हातातलं फावडं हळूच काढून घेतलं.