चार बदल्या टिकलेली वायर

राजनच्या घरात वस्तूंचं वय वर्षांत मोजत नसत, बदल्यांत मोजत. मिक्सर तीन बदल्यांचा, पोळपाट चार बदल्यांचा, आणि भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्याच बदलीत बंद पडलं म्हणून त्याचं नाव काढायची चोरी. विमा कंपनीतला हा अधिकारी रत्नागिरीहून निघाला तो नागपूर, रायपूर, भोपाळ करत जयपूरच्या जवाहर नगरात येऊन पोचला होता. प्रत्येक ट्रक रिकामा करताना काय टिकलं आणि काय नाही यावर त्याचं भाषण व्हायचं. बायको, अनुया, ते ऐकता ऐकता निम्मी भांडी मांडून मोकळी व्हायची.

तेव्हा सात वर्षांच्या लेकीने, ज्ञानदाने, नाताळला बाल्कनीत माळा हव्यात म्हणून हट्ट धरला, तसा राजन कामालाच लागला. शाळेच्या नाटकात ती परी झाली होती आणि चोवीस तारखेला संध्याकाळी वर्गातल्या चार मैत्रिणी घरी यायच्या होत्या. दिवाळीत आणलेली माळ चार दिवसांत गेली होती. आता आणायची ती ऊन, थंडी, पाणी सोसणारी, पुढच्या गावालाही चालणारी, असं त्याने जाहीर केलं.

टिकाऊपणाचं हे वेड होतंच, पण खरं सांगायचं तर त्याच्या पोटात भीती होती. आगीचे आणि अपघाताचे दावे त्याच्याच टेबलावर यायचे. एक उघडी वायर काय करू शकते याचे फोटो त्याने इतके पाहिले होते, की घरी येऊन जेवण जायचं नाही. ज्ञानदा लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, आणि बाल्कनी म्हणजे तिचं राज्य. तिथल्या लोखंडी कठड्याला लटकून ती दिवसभर खालच्या गल्लीशी गप्पा मारायची. माळ त्याच कठड्यावर, तिच्या हाताशी येणार होती.

मालवीय नगरच्या बाजारात पंडितजींचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. राजनने तिथे तासभर ठाण मांडलं. वायर वाकवून पाहिली, नखाने खरवडली, प्लास्टिकचा वास घेतला, आणि शेवटी बादलीभर पाणी मागितलं. पंडितजींनी डोक्याला हात लावला, पण बादली दिली. पहिली माळ पाण्यात घातल्यावर लुकलुकून विझली. दुसरीच्या दिव्यांत आतून वाफ धरली. तिसरी जाड रबरी वायरीची, प्रत्येक दिवा बुडाशी पक्का बंद केलेला. राजनचा चहा पिऊन झाला तरी ती पाण्यात जळत होती. आपण घरच्यांसाठी काहीतरी चोख केलं याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

खोकं बांधता बांधता पंडितजी म्हणाले, "साहब, लाइट तो आपने ठोक-बजाकर ले ली. जिस तार से जोड़ोगे, उसे भी देख लेना."

आता हे एक वायरही गळ्यात मारणार, असं राजनला वाटलं. तो हसला आणि पायऱ्या उतरला.

घरी आल्यावर कळलं, माळेचं टोक आतल्या प्लगपर्यंत तीन हात कमी पडतंय. त्याचं काहीच अडणार नव्हतं, कारण आकाशकंदिलाची वायर होती. त्याच्या वडिलांनी रत्नागिरीत स्वतः दोन तुकडे जोडून, मध्ये काळी टेप गुंडाळून केलेली. चार बदल्या टिकलेली. दर दिवाळीत तिच्यावर कंदील पेटला होता. जयपूरला आल्यापासून, म्हणजे दोन उन्हाळे, दिवाळी सोडली तर ती बाल्कनीतल्या खिळ्याला गुंडाळून उन्हात पडली होती आणि टेपच्या कडा पापडासारख्या वाळून उचलल्या होत्या. राजनने त्या अंगठ्याने दाबल्या. जोड लोंबू नये म्हणून तो कठड्यालाच सुतळीने घट्ट बांधला. ही वायर बादलीत बुडवून पाहावी, असं एवढ्या चिकित्सक माणसाच्या मनातही आलं नाही.

माळ पेटली. ज्ञानदा टाळ्या वाजवत सुटली. घरमालकीण कलावतीजी खालून म्हणाल्या, की गल्लीत अशी रोशनी कुणाची नाही.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर ओला टॉवेल टाकताना अनुयाचा हात झटकन मागे आला. बोटांत मुंग्या आल्या होत्या. ती स्वतःशीच हसली आणि म्हणाली, झालं, स्वेटरचा करंट सुरू झाला.

यातलं हसणं समजायला दोन वर्षं मागे जायला हवं. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या या माणसांनी नागपूर-भोपाळलाही इतकी कोरडी थंडी पाहिली नव्हती. पहिल्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज झाला, दाराच्या कडीने चटका दिला, आणि अनुयाने घाबरून वायरमनला बोलावलं. कलावतीजी पोट धरून हसल्या. लोकरीमुळे इकडे सगळ्यांना असा करंट लागतो, त्यात भ्यायचं काय, असं त्यांनी समजावलं. तेव्हापासून तो घरातला खेळच झाला. ज्ञानदा स्वेटरवर हात घासायची, बाबाच्या कानाला बोट लावायची आणि "चावला!" म्हणून पळायची. हा खेळ तिला राजननेच शिकवला होता.

म्हणून कठडा अनुयाला चावला, तेव्हा ती हसली. राजनला चावला, तेव्हा तोही. सकाळी वर्तमानपत्राची गुंडाळी उचलताना त्याचं मनगट कठड्याला टेकलं. नेहमीचा चटका एकदाच बसून विरतो. ही झिणझिण मनगट टेकलं होतं तोवर चालूच राहिली. यंदा थंडी जास्त आहे, असं तो म्हणाला आणि बातम्या वाचू लागला. शेकडो दावे तपासलेल्या माणसाची अक्कल अशा वेळी कुठे चरायला जाते, देव जाणे. आपल्या घरात आपण लावलेलं काही वाईट असू शकतं, हे मन मानतच नाही. ज्ञानदाने मात्र शाळेत सांगून टाकलं, की आमची रेलिंग चावते, घरी आलात की दाखवते.

चोवीस तारखेला दुपारीच आभाळ भरून आलं आणि भुरभुर सुरू झाली. हिवाळ्यातल्या या पावसाला इकडे मावठ म्हणतात. आमेरकडच्या शेतांना तो सोन्यासारखा. संध्याकाळी सहाला राजन ऑफिसातून आला तेव्हा शेजारच्या दोन माळा विझल्या होत्या आणि त्याची एकटी लखलखत होती. तो भिजत गल्लीत उभा राहिला. पंडितजींना फोटो पाठवायला हवा, असं त्याच्या मनात आलं.

वर येऊन त्याने स्वेटर काढलं. आवाज झाला नाही. बाहीवरून हात फिरवला, तरी काही नाही. हवा रत्नागिरीसारखी ओलसर झाली होती; तिकडे लोकर कधी चटचटली नव्हती. ओल्या हवेत स्वेटरचा करंट नसतो, एवढं त्याच्या लक्षात आलं आणि त्याला उगाच बरं वाटलं. त्याने स्वेटर खुंटीला अडकवलं.

तेवढ्यात बाल्कनीतून ज्ञानदाची हाक आली. मैत्रिणी कुठल्याही क्षणी येणार म्हणून ती परीचा सुती पांढरा फ्रॉक घालून ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. कठड्याला एक बोट लावून तिने ते मागे घेतलं.

"बाबा, बघ ना, मी स्वेटर नाही घातलंय, तरी पण रेलिंग चावते. आज तर खूप जोरात."

राजनला दिसला तो सुतळीने बांधलेला जोड आणि त्यावरून ओघळणारं पाणी. चार दिवस समोर असलेली गोष्ट त्याला आता दिसली. हात लावू नकोस म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ती त्याच्या आधी बोलली.

"पूर्ण हात लावून दाखवते," असं म्हणून ज्ञानदाने कठडा धरला.

तिची मूठ मिटली आणि उघडेना. तिच्या तोंडून आवाज आला तो रडण्याचाही नव्हता. स्वयंपाकघरातून अनुया धावली. तिला छातीवर आडवा हात मारून राजनने मागे ढकललं, कारण पोरीला धरलं तर दोघी जातील हे त्याने कितीदा कागदावर वाचलं होतं. आपल्या लेकीला हात न लावता तो तिच्याकडे पाठ करून चार पावलं पळाला. आयुष्यात इतकी लांब चार पावलं तो चालला नव्हता. त्याने बटण पाडलं. माळ विझली आणि अंधारात फरशीवर काहीतरी मऊ पडल्याचा आवाज झाला.

ती वाचली. रात्रभर दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी नाताळच्या सकाळी घरी सोडलं. तळव्यावर भाजल्याची पट्टी होती, बाकी सगळं ठीक. दुपारी विनय वायरमन आला. त्याने सुतळी कापली, टेप नुसती बोटाने सोलून काढली आणि लोखंडाला टेकलेली उघडी तांब्याची तार राजनला दाखवली. मग माळ दुसऱ्या प्लगला लावून पाहिली. ती लख्ख पेटली.

"लाइट को कुछ नहीं हुआ, साहब," तो कौतुकाने म्हणाला. "ये तो दस साल चलेगी."

राजनने ती विझवायला सांगितली.

संध्याकाळी त्याने स्टीलच्या पेल्यात कोमट दूध घेतलं आणि पलंगापाशी जाऊन लेकीपुढे धरलं. ज्ञानदाने दोन्ही हात पाठीमागे नेले. कालपर्यंत त्याच्या कानाला बोट लावून पळणारी पोर पेल्याकडे बघत राहिली.

"बाबा, पहिले तू धर," ती म्हणाली.

"धरलाय की, सोन्या."

"एका हाताने नाही. पूर्ण धर."

राजनने पेला दोन्ही तळव्यांत घट्ट धरला. ज्ञानदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं, ओठ हलताना त्याला दिसले, आणि मग पट्टी नसलेला हात हळूच पुढे केला.