उजेडबाबांचं पहिलं शिखर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. "रात्री चमचाभर अमृत, सकाळी प्रकाशदर्शन!" उजेडबाबांनी निळी बाटली उंचावली. "ज्याला धुकं दिसेल त्याचा आत्मा उजळला. ज्याला काहीच दिसणार नाही, तो तर पोचलाच!" लोकांनी टाळ्या पिटल्या. या बोलण्याची एकालाही भीती वाटली नाही.

दादाही टाळ्या पिटत होता. तो शिंपी, डोळ्यांवरच त्याचं पोट. नजर अधू होत चालली म्हणून तो इथे आला होता. शेजारी त्याची धाकटी बहीण वैतागून बसली होती. ती अत्तराच्या कारखान्यात रसायनं तपासायची. "ही बाटली मी उद्या यंत्रात घालून बघते," ती म्हणाली.

तिचं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. ते मिश्रणाची वाफ करून लांबलचक नळीतून सोडतं. एकेक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचं शिखर उमटतं. नेहमीच्या सवयीने तिने नमुना मिथेनॉलमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्पिरिटमध्ये, मिसळला. पहिलं उंच शिखर मिथेनॉलचं, म्हणजे आपणच घातलेलं. त्याच्याकडे तिथे कुणी ढुंकूनही बघत नसे. पुढे लवंगेच्या तेलाचं बारीक शिखर, बस्स.

"लवंगेचं पाणी आहे. फसवणूक आहे, पण अपाय नाही."

"बघ, तुझ्या यंत्रानेच हिरवा कंदील दाखवला!" दादाने त्या रात्री चमच्याऐवजी पेला भरला.

सकाळी त्याला सुईचं नेढं सापडेना. "धाकटे, सगळं पांढरं दिसतंय गं. प्रकाश आला!" तिने त्याला तसाच रिक्षात घातला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसली दारू प्यायलात? विषारी दारूनेच नजर अशी जाते."

"मी? थेंबालाही शिवत नाही!"

बहीण तशीच कारखान्यात धावली. या वेळी तिने नमुन्यात काहीच मिसळलं नाही. बाटली कोमट केली आणि वरची वाफ तेवढी सिरिंजने ओढून यंत्रात सोडली. पहिलं शिखर पुन्हा उमटलं. आता ते तिने घातलेलं नव्हतं.

तिने दवाखान्यात फोन केला, दादावर उतारा सुरू झाला, आणि ती थेट बाबांच्या मंचावर चढली. "हा प्रकाश नाही, विष आहे! मिथेनॉल रात्रभरात अंगात मुरतं आणि डोळ्यांची नस मारतं, म्हणून पांढरं दिसतं. ठाऊकच आहे असं समजून मी बघायचं टाळलं आणि चुकले. तुम्ही तरी तपासल्याशिवाय काही गिळू नका. दवाखाना उघडा आहे, चला!"

"हिला संशयाने आंधळं केलंय!" बाबा गरजले.

"बाबा, तुम्ही स्वतः कधी घेता हो?" कुणीतरी विचारलं. बाबांना मागच्या दाराची कडी मात्र झटकन दिसली.

पहिल्या रांगेतली म्हातारी हात पुढे करून उठली. "येते गं बाई. पण दार कुठल्या बाजूला आहे?"